मार्केट यार्डातली अडत, कुपवाडचे गोदाम, विश्रामबागेतले घर: कोणते नेटवर्क घ्यावे?

प्रश्न असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. तिथे पाच संगणक, दोन प्रिंटर आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा. कुपवाड एमआयडीसीत गोदाम, तिथे दोन संगणक आणि आठ कॅमेरे. घर विश्रामबागेत, आणि रात्री घरून टॅली, म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, बघायची आहे. केबलवाला म्हणतो, “लॅनच वाढवून देतो.” संगणकवाला म्हणतो, “तुम्हाला वॅन लागेल.” मुलाच्या वहीत पॅन, लॅन, मॅन, वॅन असा अंतराप्रमाणे तक्ता आहे. तर यातले घ्यायचे काय?

तक्ता चुकीचा नाही, पण दुकानात त्याचा उपयोग होत नाही. खोलीभर ते पॅन, इमारतीभर ते लॅन, शहरभर ते मॅन आणि त्यापुढे वॅन, एवढे पाठ करून वायर कुठली घ्यायची ते कळत नाही. अंतर बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी विचारा: तार कोणाची, आणि त्या तारेवरच्या यंत्रांना पत्ता कोण वाटतो? तार तुमची आणि पत्ते तुमचा राउटर वाटत असेल तर ते तुमचे लॅन. ते बिघडले तर दुरुस्ती तुमची. तार दुसऱ्याची आणि तुम्ही महिन्याचे भाडे भरत असाल तर ते मॅन किंवा वॅन. तिथे तुम्ही फक्त तक्रार नोंदवू शकता. तुमच्याकडे ही सगळी जाळी थोडीथोडी आधीच आहेत. त्यांचे सांधे नीट बसवायचे, एवढेच काम आहे.

सगळ्यात छोट्या जाळ्यापासून, म्हणजे काट्यापासून सुरू करू. मोबाईलला जोडलेला ब्लूटूथ प्रिंटर हे पॅन, त्यात सांगण्यासारखे फार नाही. काट्याचे तसे नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागे आरएस-२३२ नावाचे नऊ पिनांचे जुने सॉकेट असते. या पद्धतीची वायर साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे वजनाचे आकडे तुटक किंवा भलतेच येऊ लागतात. काटा गाळ्याच्या दारात आणि संगणक मागच्या केबिनमध्ये असेल तर वायर लांबवू नका. काट्याजवळ सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर, म्हणजे काट्याचे आकडे नेटवर्कच्या वायरवर चढवणारी छोटी पेटी, बसवा आणि तिथून पुढे नेटवर्कची वायर न्या. यूएसबी कन्व्हर्टर वापरत असाल तर तो नेहमी त्याच खोबणीत लावा. खोबणी बदलली की विंडोज त्याला नवा कॉम पोर्ट नंबर देऊ शकते, बिलिंगचे सॉफ्टवेअर जुनाच नंबर शोधत बसते, आणि सगळे म्हणतात काटा बिघडला. काट्याचा वेग सॉफ्टवेअरमध्येही तोच हवा. २४०० किंवा ९६०० हे आकडे नेहमी दिसतात, नक्की कोणता ते काट्याच्या सेटिंगमध्ये बघा. वेग जुळला नाही तर वजनाऐवजी चिन्हांचा कचरा येतो.

आता गाळ्यातले लॅन. पैसे आणि लक्ष इथे द्या, कारण रोजचा धंदा याच्यावर चालतो. रचना एकच ठेवा: मधोमध एक स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी, आणि तिच्यापासून प्रत्येक यंत्राकडे स्वतंत्र वायर. याला स्टार म्हणतात. एका वायरवरून पुढच्या टेबलापर्यंत, तिथून आणखी एक छोटा स्विच लावून त्याच्या पुढे, अशी माळ ओवू नका. मधला एक अडॅप्टर जळला की पुढची सगळी टेबले बंद. सात-आठ यंत्रे असतील तर १६ पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या, आणि तो पंखा नसलेला घ्या. हळद पॉलिश होते तिथली पिवळी धूळ पंख्यातून आत जाते, पावसाळ्यात ओलावा धरते आणि दोन हंगामांत पंखा अडकतो.

वायर कॅट-६ आणि निखळ तांब्याची. बाजारात सीसीए नावाने स्वस्त वायर मिळते, ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. चाकूने तार खरवडून बघा, आतून पांढरट निघाली तर परत करा. अशी तार वाकवली की तुटते. शिवाय कॅमेऱ्याला त्याच तारेतून वीज द्यायची असेल तर लांब अंतरावर व्होल्टेज पडते आणि कॅमेरा रात्री, इन्फ्रारेड दिवे लागले की, बंद-चालू होत राहतो. दिवसा ठीक आणि रात्री बंद अशी तक्रार आली की आधी वायर बघा, कॅमेरा नंतर. वायरची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. त्यातली ९० भिंतीतून, उरलेली दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डना, म्हणजे भिंतीपासून यंत्रापर्यंतच्या तयार वायरींना.

कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी कशाला घुसवली असे वाटते, आणि घाईत काम करणारे चारही जोड्या सरळ ओळीने लावून मोकळे होतात. दोन्ही टोकांना तसेच लावले तर साध्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागतात, म्हणून चूक सापडत नाही. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी असते. एकमेकींभोवती पिळलेल्या तारा एकमेकींचा गोंगाट मारतात. ही जोडी दोन वेगवेगळ्या पिळांत फाटली की लांब वायरवर डेटा गळू लागतो. लक्षण असे: लहान फाइल जाते, मोठी अडकते. पीळही कनेक्टरच्या तोंडाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. विजेच्या वायरबरोबर एकाच पाइपातून नेटवर्क नेऊ नका. गोदामात केसिंगऐवजी जाड पीव्हीसी पाइप वापरा, उंदरांना नेटवर्कची वायर आवडते.

वायर बरोबर बसली का ते टेस्टरपेक्षा विंडोज चांगले सांगते. नेटवर्कच्या स्थितीत लिंकचा वेग १ जीबीपीएस दिसला पाहिजे. १०० एमबीपीएस दिसत असेल तर बहुधा चारपैकी एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून ‘चालतंय की’ असे वाटत राहते.

पत्त्यांचे गणित कागदावर मांडा. घरगुती राउटर बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर येतात. तो क्रमांक तिन्ही ठिकाणी बदला: अडतीला १९२.१६८.१०, गोदामाला १९२.१६८.२०, घराला १९२.१६८.३०. आज याचे महत्त्व वाटणार नाही. पण ही जागा चुकली तर पुढचे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून दोन ठिकाणे जोडणारी बंद वाट, उभेच राहत नाही. दोन्ही टोकांना १९२.१६८.१ असेल तर अडतीतला संगणक ‘१९२.१६८.१.१०’ आपल्याच गाळ्यात शोधतो, कुपवाडकडे काही पाठवतच नाही. एकाच पेठेत एकाच नावाची दोन दुकाने असल्यासारखे ते होते. अडतीत राउटरला .१ (म्हणजे १९२.१६८.१०.१), वायफाय पेटीला .२, टॅलीच्या मुख्य संगणकाला .१०, प्रिंटरना .२० आणि .२१, काट्याच्या कन्व्हर्टरला .३० असे कायमचे पत्ते द्या, आणि उरलेल्यांसाठी .१०० ते .१९९ राउटरला आपोआप वाटू द्या. या आपोआप वाटपाला डीएचसीपी म्हणतात.

एका जाळ्यात पत्ते वाटणारा एकच असावा. वायफाय पोचत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणतो, स्विचला लावतो, आणि तोही पत्ते वाटू लागतो. मग निम्म्या संगणकांवर छपाई होते, निम्म्यांवर नाही, आणि उद्या निम्मे बदलतात. जुना राउटर वापरायला हरकत नाही, पण आधी त्याचे डीएचसीपी बंद करा, त्याला .२ पत्ता द्या, आणि वायर त्याच्या वॅन खोबणीत न लावता लॅन खोबणीत लावा. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर अर्थ उलटा: वाटणारा भेटलाच नाही. वायर, स्विच, राउटर या क्रमाने बघा.

दुसरी नेहमीची आपत्ती लूपची. झाडलोट करताना सुटलेले वायरचे टोक कोणीतरी भल्या हेतूने स्विचमध्ये परत खोचतो, आणि ते त्याच स्विचमधून निघालेल्या वायरचे दुसरे टोक असते. सगळ्यांना उद्देशून गेलेला एक संदेश गोल गोल फिरत वाढत जातो, स्विचचे सगळे दिवे एकसाथ फडफडतात आणि अख्खा गाळा ठप्प होतो. एकेक वायर काढत जा, दिवे शांत झाले की गुन्हेगार सापडला. स्विच घेताना लूप ओळखून पोर्ट बंद करणारा घेतला तर ही वेळ येत नाही.

वायफाय मोबाईलसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवा, टॅलीसाठी नाही. नोंद लिहिली जात असताना वायफाय तुटले तर डेटा खराब होऊन दुरुस्तीला काढावा लागू शकतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. यार्डात शेजारी दहा गाळ्यांची वायफाय असतात, म्हणून मोबाईलमधल्या वायफाय तपासणाऱ्या ॲपवर कमी गर्दीचा चॅनेल बघून तो पक्का करा. गोदामात पोत्यांची थप्पी भिंतीसारखाच सिग्नल अडवते, आणि ती भिंत हंगामाप्रमाणे हलते. रिकाम्या गोदामात घेतलेली चाचणी आवक सुरू झाली की फसते. पेटी थप्पीच्या वर, मधल्या बोळाच्या डोक्यावर टांगा.

मागच्या गाळ्यापर्यंत किंवा रस्त्यापलीकडच्या शेडपर्यंत जायचे असेल तर तांबे सोडा. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते, आणि वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार दोन्हीकडचे स्विच घेऊन जाते. सिंगल मोड फायबर, म्हणजे काचेची तार, आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तिच्यातला प्रकाश आणि तांब्याची वायर यांना जोडणाऱ्या पेट्या, लावा. एकाच काचेच्या तारेवर चालणारे कन्व्हर्टर जोडीने येतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही टोकांना एकाच प्रकारचे लावले तर दोघे बोलतात, ऐकत कोणीच नाही. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती भिंतीबाहेरच थांबवा, रॅकला, म्हणजे स्विच-राउटर ठेवायच्या कपाटाला, बांधू नका, नाहीतर वीज तिच्यावरून आत येते आणि काचेची तार टाकण्याचा अर्थच उरत नाही.

आता अडत ते कुपवाड. ‘लॅनच वाढवून देतो’ हे ऐकायला बरे, पण सार्वजनिक रस्त्यावरून स्वतःची तार ओढणे म्हणजे पालिका, रस्त्याचा विभाग आणि दूरसंचाराचे नियम, हे सगळे अंगावर घेणे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका एक झाली, तशी तुमची दोन ठिकाणे मिळून एक लॅन होत नाही. तार भाड्याचीच घ्यावी लागते. ती घेण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, दोन्ही टोकांना एकाच सेवादाराचे फायबर असेल तर तो त्याच्याच शहरातल्या जाळ्यातून तुमच्या दोन टोकांमध्ये खासगी वाट काढून देऊ शकतो. वहीतले मॅन म्हणतात ते हेच. काम उत्तम होते, भाडे जास्त असते, आणि सेवादार बदलायचा झाला की दोन्ही टोके एकदम बदलावी लागतात.

दुसरा, गच्चीवरून गच्चीवर ५.८ गिगाहर्ट्झचे डिश. नजरेची वाट मोकळी असेल तर हे सुंदर चालते, पण समोरची गच्ची नुसती दिसणे पुरेसे नाही. लहरी फुगलेल्या सिगारच्या आकारात जातात. ५ किलोमीटरच्या अंतराला मधोमध त्या फुगवट्याची त्रिज्या सुमारे ८ मीटर येते आणि त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे ५ मीटरच्या आसपास, चारही बाजूंनी मोकळा लागतो. आज मोकळा आहे, पण मध्ये कोणी दोन मजले चढवले की तुमचे जाळे गेले, आणि तक्रार करायला जागा नाही. बिनपरवान्याचा पट्टा असल्याने शेजारचाही तोच वापरू शकतो.

तिसरा, आणि तुमच्यासाठी माझे मत यालाच: दोन्ही ठिकाणी साधे फायबर इंटरनेट, आणि त्यातून व्हीपीएन. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरून जाणारा तुमचा बंद टेंपो. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. दोन्हीकडे व्हीपीएन जमणारे राउटर लागतात आणि किमान एका टोकाला बाहेरून पोचता येईल असा स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटवरचा पत्ता, लागतो. तो अडतीच्या जोडणीवर घ्या. बहुतेक घरगुती जोडण्या आणि सिमकार्डे सीजीनॅटमागे असतात, म्हणजे शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता. राउटरवर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच एक. तिथून बाहेर हाक मारता येते, बाहेरची हाक आत येत नाही. म्हणून कुपवाड आणि घर यांनी अडतीला हाक मारायची, उलट नाही.

फायबरची जोडणी आतून कशी असते ते थोडे. जीपॉन पद्धतीत सेवादाराकडून निघालेली एक काच वाटेत स्प्लिटरने ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटली जाते. खाली येणारा एकूण वेग सुमारे २.५ जीबीपीएस, वर जाणारा १.२५, आणि तो सगळ्यांत मिळून. तुमच्या भिंतीवरची पेटी म्हणजे ओएनटी. तिच्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. ओएनटीच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २५ असेल तर निवांत राहा, उणे २७ च्या खाली गेला तर जोड खराब किंवा काच कुठेतरी दुमडली आहे. तो आकडा लिहूनच तक्रार द्या, नुसत्या ‘नेट स्लो आहे’ पेक्षा त्याला जास्त किंमत मिळते.

आता मूळ इच्छा, म्हणजे टॅली. व्हीपीएन लागले की वाटते, कुपवाडच्या संगणकावरून अडतीचा डेटा फोल्डर सरळ उघडू. उघडेल, पण हात कपाळाला लागेल. एक लेजर उघडताना फाइलशी शेकडो, कधी हजारो छोटे संवाद होतात. गाळ्यात एका संवादाला अर्धा मिलिसेकंद धरा, व्हीपीएनवरून २५. दोन हजार संवादांना गाळ्यात एक सेकंद, कुपवाडहून पन्नास. इंटरनेटचा वेग १०० वरून ३०० केला तरी हे बदलत नाही. कुपवाड आणि सांगली शेजारी असली तरी दोन वेगळ्या सेवादारांमधली वाट मुंबईहून वळसा घालून येऊ शकते, आणि वेळ त्या वळशाचा जातो. म्हणून डेटा अडतीतच ठेवा आणि कुपवाडहून अडतीतल्या एका संगणकाचा पडदा रिमोट डेस्कटॉपने चालवा. मग वाटेवरून फक्त चित्र आणि कळा जातात. ज्या संगणकावर शिरायचे त्यावर विंडोज प्रो लागते, होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपला आत घेत नाही. एकाहून जास्त जणांनी गाळ्यात एकाच वेळी टॅली चालवायची तर परवाना सिल्व्हर नव्हे, गोल्ड लागतो.

इथे एक शॉर्टकट सुचवला जाईल: व्हीपीएन नको, राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचे त्या क्रमांकाचे दार, उघडा, कुठूनही थेट रिमोट डेस्कटॉप. हे करू नका. हा पोर्ट शोधत फिरणारी यंत्रे इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, पासवर्ड सापडला की सगळ्या फाइलींना कुलूप लागते आणि खंडणीची चिठ्ठी येते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि व्यापाऱ्यांची येणी एका रात्रीत बंद. बॅकअपही त्याच नेटवर्कवर सतत जोडलेल्या डिस्कवर असेल तर तोही जातो. रोज संध्याकाळी एक डिस्क काढून घरी न्या.

कॅमेऱ्यांचे चित्र व्हीपीएनवरून अडतीत साठवायचा मोह टाळा. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६५ मध्ये, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीत, सुमारे २ एमबीपीएस धरा, आठांचे १६. एक एमबीपीएस सतत चालू राहिला तर दिवसाला १०.८ जीबी होतात, म्हणजे १६ चे १७३ जीबी आणि तीस दिवसांचे सुमारे ५.२ टीबी. सहा टीबीची डिस्क गोदामातच बसवा, बाहेरून बघताना कमी दर्जाचा दुसरा प्रवाह बघा. आठ कॅमेऱ्यांना स्वतंत्र पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा स्विच, द्या आणि त्याची एकूण वीज मोजा: साध्या प्रकारात एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देता येते, पण स्वस्त स्विचचे एकूण बजेट आठही पोर्टना तेवढे पुरेल इतके नसते. रात्री सगळे इन्फ्रारेड एकदम लागले की शेवटचे दोन कॅमेरे गळतात.

‘नेट गेले’ अशी ओरड झाली की आधी विचारा, टॅली चालू आहे का? चालू असेल तर तुमचे लॅन ठीक आहे, दोष भाड्याच्या तारेत. टॅलीही बंद असेल तर सेवादाराला फोन करू नका, स्विचकडे चला. मग पिंग करा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का बघा: आधी १९२.१६८.१०.१, म्हणजे तुमचा राउटर. तो बोलला तर ८.८.८.८, म्हणजे इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. तेही बोलले आणि तरी संकेतस्थळे उघडत नसतील तर नावांचा पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस बिघडली आहे. राउटरमध्ये ती बदलून बघा.

रॅकच्या जागेबद्दल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांत, २००५ च्या पुराने काय केले ते हळदवाल्यांना सांगायला नको. तरीही पोती थप्पीवर चढतात आणि स्विचची पेटी मात्र काउंटरखाली, पायाशी पडलेली असते. पुराचे पाणी येऊ शकते अशा भागात गाळा असेल तर रॅक माळ्यावर न्या, नसेल तर निदान डोक्याच्या उंचीवर. ओएनटी, राउटर आणि स्विच मिळून तीसचाळीस वॅट खातात, त्यांना छोटा वेगळा यूपीएस द्या, संगणकांच्या यूपीएसवर लादू नका. लाइट गेली आणि परत आली तर चालू करण्याचा क्रम: आधी ओएनटी, दोन-तीन मिनिटांनी राउटर, मग स्विच, शेवटी संगणक. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा आणि कुठला क्रमांक कुठल्या टेबलाचा याचा कागद रॅकच्या दाराला आतून लावा. सौदे चालू असताना वायर शोधायला कोणाला वेळ नसतो.